सहा जागांची यादी

६ जुलै, बुद्ध संवत २५५८, सोमवार

अभ्यासाची अधिकृत नोंदवही वेगळी आहे. तिच्यात तारीख, क्रमांक, रक्ताचा अहवाल आणि गर्भाचे आठवडे एवढंच लिहायचं असतं. मतं लिहायला रकाना नाही, आणि ते योग्यच आहे. पण एकसष्टाव्या वर्षी माणसाकडे मतं साचतात. ती कुठेतरी ठेवावी म्हणून ही वही.

काम काय आहे ते एकदा लिहून टाकते. आमच्या लांफूनकडे, थायलंडच्या या उत्तर भागात, पुष्कळ लोकांच्या रक्तात थॅलसेमियाचा एक प्रकार लपून असतो. ज्याच्या अंगात असतो त्याला काही होत नाही. त्याला पत्ताही नसतो. पण नवरा आणि बायको दोघांमध्येही तोच दोष असला तर चारांतला एक गर्भ असा निघतो की त्याचं रक्त प्राणवायू वाहूच शकत नाही. हृदय मोठं होतं, अंगात पाणी भरतं, आणि तो जगत नाही. हे वेळेत कळलं नाही तर पाठोपाठ आई सुजते, रक्तदाब चढतो, झटके येतात. मूल वाचणार नसतंच. आई वाचवता येते. आमचा अभ्यास या आयांचा आहे.

पोटात काय चाललंय ते पाहणारे डॉक्टर विरोत महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी चियांगमाईहून येतात. तीन वाजता परत निघतात. तेवढ्यात सहा बायका नीट पाहून होतात, सात नाही. म्हणून कोणत्या सहा, ते मी ठरवते. गुण देऊन ठरवते. आधी असं सुजलेलं मूल झालं असेल तर पाच गुण. नवरा-बायको दोघांच्या रक्तात दोष सापडला तर चार. फक्त बायकोच्या सापडला आणि नवऱ्याचं रक्त मिळालंच नाही तर दोन. ओळख, गयावया, घरची केळी, यांना शून्य.

चाळीस वर्षं नोकरी केली, शेवटची अकरा बाळंतपणाच्या वॉर्डात मुख्य नर्स म्हणून. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि महिन्याभरात या कामावर परत बोलावलं. घरी बसून काय करणार होते, हा वेगळा प्रश्न.

१६ जुलै, गुरुवार

काल सहाही बायका पाहून झाल्या. पाच ठीक. एकीचं मूल तसलं. तिला शहरात पाठवलं.

गुरुवारी माझी सुट्टी असते आणि हाताखालची रुंग माझ्या जागी बसते. तिने आज एक नवीन बाई नोंदवली. संध्याकाळी फोनवर सांगितलं. क्रमांक ३४२, नाव थन्यारत, वय पंचवीस, पहिलटकरीण, पंधरा आठवडे. रक्तात दोष आहे. नवरा तैवानला कारखान्यात. एप्रिलमध्ये पाण्याच्या सणाला आला होता, तो परत गेला. त्याचं रक्त मिळणं अशक्य. दोन गुण.

रुंगचं अक्षर सुधारलं पाहिजे.

२० जुलै, सोमवार

खामपान आली होती. ती ३४२ च्या गावची आरोग्यसेविका. अठ्ठावन्न वर्षांची, पान खाऊन दात काळे, पण गावातली प्रत्येक पोटुशी बाई तिला तोंडपाठ. ती आली की आधी खुर्ची ओढते आणि मग विचारते, बसू का.

"ताई, ऑयला ऑगस्टात बसवा."

"कोण ऑय?"

"थन्यारत. ते लांबलचक नवं… ते तिचं नाव हो. आम्ही ऑयच म्हणतो. ऑय म्हणजे ऊस; लहानपणी तशी उंच होती म्हणून."

मी यादी काढली. ३४२ अठरावी होती. तिची पाळी ऑक्टोबरात.

"ऑक्टोबरात अठ्ठावीस आठवडे होतील," खामपान म्हणाली.

"हिशेब मलाही येतो. तिला आत घ्यायचं कारण काय?"

"पोर चांगली आहे."

"सगळ्याच चांगल्या आहेत. गुण दोन आहेत. नवऱ्याचा अहवाल आण, चार करते."

"तिथे त्याला लघवीला सोडायला साहेब तयार नाही. रक्ताला कोण सोडणार?"

"मग दोन."

तिच्या तोंडापर्यंत काही येत होतं आणि परत जात होतं. पान थुंकायला बाहेर गेली ती तशीच निघून गेली. बायकांना वाटतं, आग्रह म्हणजे पुरावा.

२७ जुलै, सोमवार

लोंगनचा हंगाम ऐन भरात. बायका तपासणीला येत नाहीत, म्हणून मीच बागांमधून फिरले. शिड्या, टोपल्या, फळांचा गोड चिकट वास. छपराखाली बायका फळं निवडतात: मोठी एका पेटीत, मधली दुसऱ्या, फुटलेली वाळवायला.

३४२ तिथे भेटली. उंच, सडसडीत, फार बोलत नाही. मी जवळ गेल्यावर उभी राहिली आणि मग शेवटपर्यंत माझ्या चपलांकडे पाहत होती. थोडी मंद असावी.

पण एक नोंदवण्यासारखं. बाही न सांगता वर केली. रक्त काढल्यावर कापूस नीट दाबून धरला. मीठ कमी खा म्हणणार तोच म्हणाली, "खारवलेला मासा सोडलाय." बोलता बोलता अंगठ्याने स्वतःचा घोटा दाबून पाहत होती, खड्डा पडतो का. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? तिने मान खाली घातली. बहुधा रुंगने. पहिलटकरीण असून तयारी चांगली आहे. रुंगला तसं सांगायला हवं. तिचं कौतुक मी क्वचित करते.

रक्तदाब ११०/७०.

तिला विचारलं, "तू नेहमी गुरुवारी का येतेस? सोमवारी ये. मी असते. नीट तपासून होईल."

"सोमवारी गाड्या भरतात, मावशी."

ते खरं आहे. हंगाम आहे.

३ ऑगस्ट, सोमवार

ऑगस्टची यादी तयार केली. एक बाई नऊ गुणांची, चौघी चार-चार, सहावी दोन गुणांची पण बावीस आठवड्यांची. दोन गुणांच्या सगळ्यांत तिचे आठवडे जास्त. ३४२ चे अठरा. यादी सरळ आहे.

खामपान पुन्हा. या वेळी बसू का विचारलं नाही.

"सहावीच्या जागी ऑयला घ्या."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"तू कोण? तुझं यंत्र आहे का पोट पाहायचं?"

"माझ्याकडे डोळे आहेत. तुमच्याकडे यादी आहे. यादी काय आभाळातून पडली का ताई? तुम्हीच केलीत, तुम्हीच खोडा."

मी तिला समजावून सांगितलं की आज एकीसाठी खोडली तर उद्या सरपंचाच्या सुनेसाठी खोडावी लागेल. आणि गुण कशासाठी आहेत? ज्या बाईला बोलता येत नाही, जिच्यासाठी खामपान नाही, तिलाही न्याय मिळावा म्हणून. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि जिला बोलायला बंदी आहे तिचं काय?"

"कोणी केली बंदी?"

मी म्हटलं, नवरा मारतो का, सासू छळते का, सांग, पोलिसांत जाऊ. ती हसली. "नवरा बिचारा देवमाणूस. सासू नाही. ऑय आपल्या आईच्या घरी राहते."

"मग?"

"मग काही नाही." दारातून वळून म्हणाली, "ताई, एवढ्या जणींचं रक्त काढलंत. स्वतःचं कधी तपासलंत?"

माझ्या रक्ताचा या अभ्यासाशी संबंध नाही. मला मूल नाही. दोनदा राहिलं, दोनदा सातव्या महिन्यात गेलं. तेव्हा असल्या चाचण्या नव्हत्या, आणि आता करून उपयोग नाही. खामपानला हे कोणी सांगितलं, कोण जाणे. गावात सगळं सगळ्यांना माहीत असतं.

१० ऑगस्ट, सोमवार

यादी फळ्यावर लावली. सहा क्रमांक, नावं नाहीत. नावं न लावण्याचा नियम माझा. अभ्यासाच्या कागदांवर ओळखपत्राचा आकडाही नको, हेही मीच सुचवलं होतं. दुसऱ्या कोणाच्या हाती कागद लागले तर बाईची ओळख पटू नये म्हणून. अभ्यासाच्या समितीने त्याबद्दल माझं नाव घेऊन कौतुक केलं होतं. चांगला नियम आहे.

खामपान आली, फळा वाचला, गेली. मी चहा विचारला तर म्हणाली, पोट भरलंय. पंधरा वर्षांत ती चहाला कधी नाही म्हणालेली नाही.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

हे सविस्तर लिहायला हवं.

दुपारी खामपान आली. हातात लोंगनच्या पेटीचा फाडलेला पुठ्ठा. त्यावर बॉलपेनने मोठे मोठे आकडे. टेबलावर ठेवला आणि उभी राहिली.

"हे काय?"

"आकडे."

"ते दिसतंय."

"तिच्या ओळखपत्रावरचे. तेरा आहेत, मोजून घ्या. खालच्या खोलीत जुन्या वह्या आहेत ना, त्यात सापडतात का बघा. मी काही बोललेले नाही."

"बोलायला काय झालं तुला?"

ती आता बसली. "विहारातल्या भन्तेंनी तिचं नाव बदलून दिलं आणि सांगितलं, जुनं नाव घ्यायचं नाही. त्या नावाच्या बाईचं काय झालं तेही बोलायचं नाही. घेतलं तर जे घालवलंय ते नावाच्या मागे मागे घरी परत येतं. दोन वर्षं गावात कोणी उच्चारलं नाही, ताई. पोरांनीसुद्धा नाही. मी बोलले आणि तिचं वाईट झालं तर मला गावात तोंड दाखवता येईल का?"

"मग आज?"

"सकाळी विहारात झाडत होते. झाडता झाडता डोक्यात आलं, भन्ते नावाचं बोलले. आकड्यांचं काही बोलले नाहीत."

"त्यांना विचारलंस का?"

"कशाला विचारायचं? नाही म्हणाले असते तर?"

नाव बदलणारे मी पुष्कळ पाहिलेत. धंदा बसला, नाव बदल. नवरा पळाला, नाव बदल. तालुका कचेरीत त्यासाठी वेगळी खिडकी आहे. बदललेल्या नावांनी आमच्या नोंदींचा गोंधळ होतो, म्हणून तर मी क्रमांकांची पद्धत आणली. नाव बदलणारी बाई आमच्याकडे दुसऱ्यांदा, नवी म्हणून, नवा क्रमांक घेऊन येईल हे मला सुचलं नव्हतं. ओळखपत्राचा आकडा मात्र जन्मभर एकच असतो, आणि तोच मी कागदांवरून काढून टाकला होता.

दप्तराच्या खोलीत गेले. संगणक आला गेल्या वर्षी. त्याआधीचं सगळं तिथे वह्यांमध्ये आहे. एक तास लागला. २५५६ सालची बाळंतपणाच्या वॉर्डाची वही, २१ नोव्हेंबर. तेरा आकडे तेच.

नाव बुआलाय. वडिलांचं आडनाव; तेव्हा लग्नाची नोंद झाली नव्हती. वय तेवीस. एकतीस आठवडे. सर्वांगाला सूज. रक्तदाब १८०/११०. झटके दोन. मुलगी, मृत, सुजलेली. नंतर रक्तस्राव, चार बाटल्या रक्त. नवरा परदेशी. खाली शेरा: "दुखणं अंगावर काढलं. बेफिकीर. समज दिली."

अक्षर माझं.

मी तो चेहरा आठवून पाहिला. आठवत नाही. सुजलेला चेहरा कोणाचाच नसतो. डोळ्यांच्या जागी फटी असतात. आणि "समज दिली" म्हणजे नेमकं काय बोलले तेही आठवत नाही. अशा वेळी बोलतात तेच बोलले असणार.

वही बंद करून वर आले. खामपान टेबलापाशी चहा घेत होती. स्वतःच करून घेतला होता.

"सापडलं?"

"पाच गुण," मी म्हटलं. "अधिक दोन. सात."

"म्हणजे यादीत?"

"यादी लागलेली आहे. सहा आहेत." 

तिने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की त्याचं वर्णन करण्याची गरज नाही.

१६ ऑगस्ट, रविवार

सहावीला खोडून तिथे हिला घालावं हे गुणांनुसार बरोबर आहे. पण सहावी आता चोवीस आठवड्यांची. सप्टेंबरात तिचे अठ्ठावीस होतील. तिला खोडणं म्हणजे माझी चूक तिच्या पोटावर ढकलणं. तिची चूक काहीच नाही.

दिवसभर यादी पुढे घेऊन बसले. कपडे धुवायचे राहिले.

१७ ऑगस्ट, सोमवार

ऑयच्या घरी गेले. लाकडी घर, खाली मोटारसायकल आणि रिकाम्या पेट्या. आई बागेत गेली होती. खामपान माझ्याबरोबर आली आणि पायरीवरच बसली. वर आली नाही. म्हणाली, "मी इथून ऐकत नाही."

ऑयने चटई टाकली, पाणी दिलं. मी सरळ विचारलं.

"हे तुझं पहिलं मूल नाही."

ती म्हणाली, "थन्यारतचं पहिलंच आहे."

"आणि तिच्या आधी जी बाई होती तिचं?"

"ती गेली, मावशी." शांतपणे म्हणाली, जणू शेजारचं कोणी गाव सोडून गेलंय. "केळीच्या सोपट्याचं ताट केलं. त्यात मातीची बाई, तिचं नाव लिहिलेला कागद, तिचे केस, तिचं लुगडं. चौरस्त्यावर ठेवून आलो आणि मागे वळून पाहिलं नाही. भन्ते म्हणाले, ती तिचं सगळं घेऊन गेली."

"रक्त घेऊन गेली नाही," मी म्हटलं. "रक्त तेच आहे. तुझं आणि तुझ्या नवऱ्याचं."

एवढं कडक बोलायला नको होतं, असं पायरीवरच्या खोकल्यावरून कळलं.

ऑय बराच वेळ चटईची काडी सोलत होती. मग म्हणाली, "मला माहीत आहे. म्हणून मी घोटे बघते रोज. सांगायचं मात्र नव्हतं. सांगितलं असतं तर ती परत आली असती."

माझ्या पिशवीत वहीतल्या नोंदीची नक्कल होती, जुन्या नावासकट. ती मी बाहेर काढली नाही. नाव मोठ्याने वाचलं असतं तरी काही झालं नसतं, हे मला माहीत आहे. तरी काढली नाही.

"बुधवारी दहा वाजता ये."

"फळ्यावर माझा क्रमांक नाही."

"नसू दे. तू ये."

"ते लिहावं लागेल का? आधीचं?"

"लागेल. नाव नाही. 'आधीची बाळंतपणं' असा रकाना आहे. तिथे शून्य आहे, त्याचा एक करायचा."

तिने विचार केला. "एक चालेल," ती म्हणाली. "एक म्हणजे ती मुलगी. ती काही कुठे गेली नाही."

१९ ऑगस्ट, बुधवार

डॉक्टर विरोत साडेनऊला आले. मी त्यांना सांगितलं, आज सात आहेत.

"मावशी, सहा. नियम तुमचाच आहे. गेल्या वर्षी मी सातवी पाहू म्हटलं तेव्हा तुम्ही मला दारातून बाहेर काढलं होतं."

"हो. आज सातवी आहे."

"नियम मोडताय?"

"मोडतेय. कारण लिहून देते. दुपारचं जेवण तुम्ही गाडीत जेवा, डबा मी देते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कोट घातला.

सहा जणी झाल्या, पाचजणी ठीक, सहावीचं पुन्हा पाहायचं. अडीचला ऑय आत आली. खामपान दाराशी उभी राहिली. बाहेर जा म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं केलं. खोलीत अंधार, पडद्यावर उजेड. मूल हालचाल करत होतं, पाय झाडत होतं. डॉक्टर मोजत होते. छातीची रुंदी, हृदयाची रुंदी. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली. मी चाळीस वर्षं डॉक्टरांचे चेहरे पाहिलेत. तिसऱ्यांदा मोजतात तेव्हा उत्तर पहिल्यांदाच मिळालेलं असतं.

"हृदय मोठं आहे?" ऑयने विचारलं.

डॉक्टर चपापले. हा प्रश्न बायका विचारत नाहीत.

"आहे," ते म्हणाले. "निम्म्याहून जास्त छाती व्यापली आहे. अजून पाणी दिसत नाही. नक्की कळायला नाळेतलं रक्त काढावं लागेल. उद्या शहरात या."

ती उठून बसली, पोट पुसलं, टिश्यूचा कागद घडी घालून केराच्या डब्यात टाकला. म्हणाली, "पाय झाडत होती."

मुलगी की मुलगा ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

२७ ऑगस्ट, गुरुवार

आज सुट्टी होती. तरी गेले.

नाळेच्या रक्ताचा अहवाल आला. तसलंच मूल. शंका नाही. एकवीस आठवडे झालेत. शहरातल्या रुग्णालयात कायद्याने आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आता थांबवता येतं. आईला धोका आज फार नाही. दोन महिन्यांनी असेल. मागच्या वेळी सूज चढली ती अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून, असं आता ती स्वतःच सांगते. ऑक्टोबरात, म्हणजे माझ्या यादीप्रमाणे, मी तिला अठ्ठाविसाव्या आठवड्यात पाहणार होते.

नवऱ्याचा फोन आला, कारखान्यातून, मागे यंत्रांचा खडखडाट. ऑयने फोन माझ्या हातात दिला. तो म्हणाला, "मावशी, मागच्या वेळी मला तिसऱ्या दिवशी कळलं. कोणी फोनच केला नाही. तिला काय हवं ते करा, पण मला ती हवी." 

ऑयने विचारलं, "पाप लागेल ना?"

"ते भन्तेंना विचार," मी म्हटलं. "मला विचारशील तर पाय सुजतील, ते सांगू शकते."

खामपान कोपऱ्यातून म्हणाली, "लागलंच तर थोडं माझ्या नावावर टाक. माझं पान खाण्याचं पाप आहेच, त्यात खपून जाईल."

"तुझ्या नावावर आधीच जागा नाही," ऑय म्हणाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा काही फटकळ बोलली. दोघी हसल्या. हसणं लगेच थांबलं.

मग ती म्हणाली, "करू या. पण त्या आधी एकदा विहारात जाऊन येते."

तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. संध्याकाळी खामपानने निरोप पाठवला: भन्ते म्हणाले, आईचा जीव राखणं हेही पुण्यच.

३१ ऑगस्ट, सोमवार

अभ्यासाच्या फॉर्ममध्ये बदल सुचवणारं पत्र समितीला पाठवलं. ओळखपत्राचा आकडा घ्यावा, वेगळ्या पाकिटात, कुलुपात. "आधी कधी बाळंतपण झालं आहे का" एवढंच विचारून रकाना भरला जातो, त्याऐवजी "मोजून किती" असं विचारावं. कारणाच्या जागी लिहिलं: विद्यमान पद्धतीमुळे एक रुग्ण उशिरा लक्षात आली. कोणाच्या पद्धतीमुळे, तेही लिहिलं.

रुंगने पत्र टाइप केलं. ते वाक्य दोनदा वाचलं आणि विचारलं, "मावशी, हे ठेवायचं?"

"टाइप करायला सांगितलंय."

२ सप्टेंबर, बुधवार

काल ऑयला शहरातल्या रुग्णालयात दाखल केलं. तिची आई, खामपान आणि मी. माझं तिथे काम नव्हतं. रजा टाकली.

आज पहाटेपासून कळा. अकरा वाजता झालं. फार त्रास झाला नाही, रक्तस्राव नेहमीइतका. मुलगी होती. मागच्या वेळी मुलगी फडक्यात बांधून नेली आणि ऑय शुद्धीवर आली तेव्हा काहीच उरलं नव्हतं. या वेळी तिने पाहायला मागितली. इथल्या नर्सने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. हाताच्या तळव्याएवढी, थोडी फिकट. ऑयने बोटाने तिच्या पायाला स्पर्श केला. आई रडली. खामपानने भाताचा छोटा गोळा आणि फूल शेजारी ठेवलं. नर्स म्हणाली, इथे खाण्याचं ठेवायचं नाही. खामपान म्हणाली, "तिला खायला कुठे येतंय, बाळा," आणि ठेवूनच दिलं.

दुपारी तिची आई आणि खामपान जेवायला खाली गेल्या. मी नाडी मोजत होते. ऑय डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली.

"मावशी."

"बोल."

"मागच्या वेळी मी शुद्धीवर आले तेव्हा तुम्ही म्हणालात, पोर मरेपर्यंत काय करत होतीस."

म्हणजे समज दिली ती अशी.

"या वेळी मी वेळेत आले ना?"

मनगट माझ्या हातात होतं. नाडीचा हिशेब चुकला, परत पहिल्यापासून मोजायला लागले. मग थांबले.

"तू वेळेत आलीस," मी म्हटलं. "उशीर माझ्याकडून होत होता. यादी मी केली होती."

तिने डोळे उघडले. थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, चपलांकडे नाही.

"मग तुम्हालाही समज द्यायला हवी," ती म्हणाली.

"खामपान देते. रोज."

ती हसली नाही, पण तोंडाचा कोपरा हलला. मग खरंच झोपली.

नाडी ८४. संध्याकाळी सहाला रक्तदाब ११०/७०. सूज कुठेही नाही.